पुढची विकेट कुठल्या मंत्र्याची? लंडनमध्ये यावर लागणाऱ्या सट्ट्याचं गणित

माझा मावसभाऊ लंडनच्या पश्चिमेला राहतो, आयटीत आहे, मूळचा डोंबिवलीचा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये हा पठ्ठ्या ऑफिसातून घरी जाता जाता स्टेशनजवळच्या एका बेटिंग शॉपमध्ये शिरला आणि पाच पौंड लावून आला. घोड्यावर किंवा फुटबॉलवर लावले असते तर घरी कुणी विचारलं पण नसतं, याने लावले चक्क तिथल्या उपपंतप्रधानावर. डॉमिनिक राब. कायदामंत्री पण तेच. हाताखालच्या अधिकाऱ्यांवर दादागिरी करतात अशा तक्रारी त्यांच्याविरुद्ध आलेल्या, पंतप्रधान ऋषी सुनक यांनी चौकशीसाठी एक ज्येष्ठ वकील नेमलेले, पेपरात रोज त्याच्याच बातम्या. भावाचं लॉजिक सरळ होतं, चौकशी लागली म्हणजे हा माणूस जाणार.

आणि राब गेले की हो. २१ एप्रिल २०२३ ला राजीनामा दिला. पण भावाचे पाच पौंड तरीही बुडाले.

फॅमिली ग्रुपवर यावरून जी चर्चा झाली ती वाचण्यासारखी होती, मावशीला तर काही केल्या पटेना. तू म्हणालास जाणार, तो गेला, मग पैसे का देत नाहीत मेले? त्या दुकानदाराने फसवलं असंच तिचं आजपर्यंत मत आहे. दुकानदाराने फसवलेलं नाही, आणि का नाही हे तिला समजवायच्या नादात मी या प्रकाराबद्दल इतकं वाचलं की म्हटलं एकदा लिहूनच काढू.

तर आधी हे की असला सट्टा तिथे कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये १ मे १९६१ पासून बेटिंगची दुकानं रीतसर उघडली, त्याआधी सगळा मामला गल्लीबोळात चालायचा. १९६३ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी राजीनामा दिला तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार यावर लॅडब्रोक्स कंपनीने भाव काढले, आणि तेव्हापासून राजकारणावर सट्टा लावणं हा तिथे एक छोटासा पण पक्का धंदा झालाय. निवडणूक कधी, कोण जिंकणार, पक्षाचा पुढचा नेता कोण, आणि त्यातलाच हा एक प्रकार: मंत्रिमंडळातून पुढचा बाहेर कोण पडणार. वीस-बावीस नावांची यादी, प्रत्येकाच्या समोर भाव.

आता मावशीचा प्रश्न. भावाने पैसे कशावर लावले होते? त्याच्या डोक्यात होतं "राब जाणार". स्लिपवर मात्र होतं "पुढचा जाणारा: राब". सगळी गोम त्या "पुढचा" शब्दात आहे.

८ नोव्हेंबर २०२२ ला गॅव्हिन विल्यमसन नावाचे मंत्री गेले, तिथे एक डाव संपला आणि नवीन डाव सुरू झाला. नवीन डावात कॅबिनेटमधले सगळे पुन्हा उभे, आणि त्यातला जो सगळ्यात आधी बाहेर पडेल त्याच्यावर ज्यांनी लावलेत तेवढ्यांनाच पैसे. राब यांची चौकशी नोव्हेंबरात सुरू झाली ती पाच महिने चालली. मध्ये जानेवारीत कॅबिनेटमधलेच दुसरे मंत्री नदीम झहावी यांचं टॅक्सचं प्रकरण बाहेर आलं, २३ जानेवारीला सुनक यांनी त्यांची चौकशी लावली आणि सहाच दिवसांत, २९ जानेवारीच्या रविवारी सकाळी, झहावींना काढल्याचं पत्र आलं. भावाची स्लिप त्या सकाळीच रद्दी झाली. त्यानंतर राब राहिले काय, गेले काय, ज्ञानपीठ मिळवलं काय, त्या स्लिपशी त्याचा संबंध उरला नाही.

क्रिकेटवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो. अकरा नंबरचा बॅट्समन आऊट होणार हे शेंबडं पोर पण सांगेल. पण "पुढची विकेट कोणाची" असं विचारलं आणि अकरा नंबरवाला नॉन-स्ट्रायकर एंडला बॅट टेकून उभा असेल, स्ट्राइकवर भलताच कोणी असेल, तर? राब नॉन-स्ट्रायकर एंडला उभे होते. बोलिंग झहावींना चालली होती.

म्हणून या सट्ट्यात कोण वाईट, कोण बदनाम, कोण नालायक यापेक्षा घड्याळ जास्त महत्त्वाचं. चौकशी लागली की आपल्याला वाटतं मरण जवळ आलं, पण कित्येकदा उलटंच होतं, चौकशी म्हणजे मंत्र्याला मिळालेला टाइम, कारण अहवाल येईपर्यंत पंतप्रधान हात वर करून सांगू शकतो की बाबांनो प्रक्रिया चालू आहे. एक चौकशी सहा दिवसांत संपते, एक पाच महिने चालते. ज्याच्यावर लावलंय त्याची चौकशी कुठल्या जातीची हे ओळखता आलं तर खरं.

याच्या उलटं उदाहरण म्हणजे बेन वॉलेस. संरक्षणमंत्री. २०२३ च्या जुलैत त्यांनी मुलाखतीत स्वतःच सांगून टाकलं की पुढचा खांदेपालट होईल तेव्हा मी बाहेर पडतोय. म्हणजे माणूस जाणार हे पक्कं, त्याने स्वतः सांगितलेलं, लपवाछपवी काही नाही. तरीसुद्धा सट्टा खुलाच राहतो, कारण खरा प्रश्न मग असा होतो की वॉलेस जाईपर्यंतच्या काळात दुसरा कोणी आधी टपकतो का. आणि तो काळ होता जुलै-ऑगस्ट, पार्लमेंटला सुट्टी, अर्धे खासदार स्पेन नाहीतर इटलीत, अशात भानगडी पण जरा कमी होतात. ३१ ऑगस्टला वॉलेस गेले, मध्ये कोणी गेलं नाही.

आता भावाचं गणित. इथे लोक गडबडतात, पण पाचवीच्या वरचं काही नाही.

तिथले बुकी भाव सांगतात तो अपूर्णांकासारखा: ४/१. आपल्या भाषेत एकाला चार. एक पौंड लावला आणि जिंकलात तर चार पौंड नफा, वर तुमचा एक परत. याच्या मागे किती टक्के शक्यता दडलीय ते काढायचं तर खालचा आकडा भागिले दोन्हीची बेरीज. १ भागिले ५, म्हणजे २० टक्के. ३/१ असेल तर १ भागिले ४, २५ टक्के. ३३/१ म्हणजे १ भागिले ३४, तीन टक्क्यांना जरा कमी. भाव जितका छोटा तितकी शक्यता मोठी.

आता मी एक खोटी कॅबिनेट बनवतो, हिशोबापुरती, एकवीस जणांची. पहिला मंत्री ३/१, दुसरा ४/१, तिसरा ६/१, मग दोघं ८/१ ला, चौघं १६/१ ला, आठ जण ३३/१ ला आणि शेवटचे चार, ज्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांना पण माहीत नसतील, ५०/१ ला. सगळ्यांचे टक्के काढा आणि बेरीज मारा. २५, अधिक २०, अधिक १४.३, मग दोघांचे मिळून २२.२, चौघांचे २३.५, आठ जणांचे पण साधारण २३.५, शेवटच्या चौघांचे ७.८. बेरीज येते १३६ च्या वर.

थांबा, पण पुढचा जाणारा तर एकच असणार ना, मग सगळ्या शक्यतांची बेरीज १०० च यायला हवी. वरचे ३६ कुठून आले?

ते बुकीचे. प्रत्येक भाव त्याने थोडा थोडा दाबलाय, तुम्हाला खऱ्या शक्यतेच्या मानाने जेवढं मिळायला पाहिजे त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी कमी मिळणार. याला तिकडे ओव्हरराउंड म्हणतात, आपण सरळ बुकीचा काटा म्हणू, भाजीवाल्याच्या तराजूत असतो तसा. दोन टीमच्या मॅचमध्ये हा काटा लहान असतो कारण दोनच नावं, पण यादीत एकवीस नावं असली की प्रत्येक नावाखाली चिमूटभर मारून सुद्धा ढीग होतो. माझ्या हिशोबात ज्या मंत्र्याचा भाव २५ टक्के दाखवतोय त्याची शक्यता, हा काटा सगळ्यांवर सारखा वाटून काढला, तर १८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे हा "फेव्हरिट"! पाचातल्या चार वेळा जो पुढचा ठरणार नाही, तो फेव्हरिट.

हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी लढाई जिंकली, कारण बातमी कशी येते? "अमुक मंत्री जाण्याची शक्यता सर्वाधिक, बुकींचा कौल." ती वाचून आपण म्हणतो, गेला बिचारा. अरे १८ टक्के!

आणि वाटलेला काटा सुद्धा प्रत्यक्षात सारखा वाटलेला नसतो. ५०/१ वाल्या नावांवर तो जास्त जड असतो, कारण लोकांना पौंडाचे पन्नास होणार हे स्वप्न आवडतं, लॉटरीचं तिकीट घ्यावं तसं लोक तिथे पैसे टाकतात आणि बुकीला तिथे चांगला भाव द्यायची गरजच पडत नाही. घोड्यांच्या रेसमध्ये हे फार पूर्वीपासून मोजलं गेलंय, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या जुन्या मंडळींना विचारा, लांबच्या घोड्यावर लावून कोणाचं घर झालेलं नाही.

बुकीचा काटा नको असेल तर दुसरी सोय आहे, एक्स्चेंज. बेटफेअर कंपनीने २००० साली हे सुरू केलं. तिथे तुम्ही दुकानदाराकडून नाही, समोरच्या अनोळखी माणसाकडून सौदा घेता, शेअर बाजारासारखं. तुम्ही म्हणता हा मंत्री पुढचा, समोरचा म्हणतो नाही, दोघांचं भावावर जमलं की सौदा पक्का, कंपनी मध्ये आपलं कमिशन कापते. म्हणजे इथे "हा पुढचा जाणारा नाही" यावर पण पैसे लावता येतात, जे दुकानात सहसा जमत नाही. पण घोळ असा की अशा बारीकसारीक राजकीय सौद्यांत पैसा फार कमी फिरतो, त्यामुळे कोणी एकाने थोडी मोठी रक्कम टाकली तरी भाव टुणकन हलतो आणि मग पत्रकार लिहितात "बाजाराचा कल बदलला". बाजार कसला, एखादा माणूस असेल घरी सोफ्यावर बसून.

आता मला सगळ्यात मजा वाटते तो भाग, "जाणे" म्हणजे नक्की काय? ऐकायला बावळट प्रश्न वाटेल पण भांडणं यावरच होतात.

खातं बदललं तर गेला का? सहसा नाही. गृहखात्यातून काढून पर्यावरण दिलं तर माणूस कॅबिनेटमध्येच आहे. आपल्याकडचं उदाहरण घ्या, २०२५ च्या जुलैत माणिकराव कोकाटे यांचा सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा म्हणून एक व्हिडिओ फिरला, त्यांनी खेळत नव्हतो असं सांगितलं, बराच गदारोळ झाला आणि महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं जाऊन क्रीडा खातं आलं. नाक्यावरचे सगळे म्हणत होते "गेले, गेले". लंडनच्या नियमाने ते तेव्हा गेले नाहीत, खुर्ची बदलली फक्त. नाक्यावर स्लिप नसते म्हणून बरं. २०२३ च्या फेब्रुवारीत सुनक यांनी तर खात्यांचीच फोडाफोडी केली, नवीन खाती तयार झाली, चारपाच मंत्री इकडचे तिकडे गेले, दिवसभर टीव्हीवर धावपळ, आणि कॅबिनेटमधून बाहेर कोणीच पडलं नाही.

मग दुसरी भानगड. ब्रिटनमध्ये पूर्ण कॅबिनेट मंत्री असतात आणि त्याशिवाय काही जण "कॅबिनेटला हजर राहणारे" असतात. बसतात त्याच टेबलाला, पण दर्जा वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये रॉबर्ट जेनरिक यांनी राजीनामा दिला तो असल्याच हजर राहणाऱ्या पदाचा, फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲनेलीस डॉड्स यांनी दिला तो पण. हे मोजायचे की नाही? ज्या कंपनीच्या नियमात जे लिहिलंय ते. बारीक अक्षरात. न वाचता लावलंत तर तुमचं नशीब. पंतप्रधान स्वतः गेला तर काय, निवडणूक लागली तर काय, हे पण तिथेच लिहिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं.

तिसरी भानगड, एकाच वेळी दोन गेले तर? ५ जुलै २०२२ ची संध्याकाळ. बोरिस जॉन्सन पंतप्रधान, आधीच गाळात. आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी राजीनाम्याचं पत्र ट्विटरवर टाकलं. लोक ते वाचतायत तोवर काही मिनिटांत अर्थमंत्री ऋषी सुनक यांचं पत्र आलं. आता ज्याने "पुढचे जाणार सुनक" यावर पैसे लावले होते त्याचा विचार करा, अंदाज जबरदस्त बरोबर, दिवस बरोबर, संध्याकाळ बरोबर, आणि मिनिटांनी हुकला. स्टेशनात शिरता शिरता लोकल सुटावी तसं.

आणि खरंच एकत्र गेले, म्हणजे सरकारने एकाच घोषणेत दोन नावं टाकली, तर बऱ्याच ठिकाणी डेड हीटचा नियम लागतो, हा पण रेसकोर्सवरूनच आलाय, दोन घोड्यांची नाकं एकत्र लागली तर काय करायचं यासाठी. तुमची रक्कम दोन भागांत तोडतात. समजा ८/१ ला दहा पौंड लावलेत. नुसते जिंकला असतात तर ऐंशी नफा. डेड हीट झाली तर पाच पौंड जिंकले असं धरतात, त्याचे चाळीस नफा अधिक ते पाच परत, आणि उरलेले पाच हरले. हातात पंचेचाळीस. म्हणजे नफा ऐंशीचा पस्तीसवर.

१३ नोव्हेंबर २०२३ चा सोमवार यासाठीच बघण्यासारखा. गृहमंत्री होत्या सुएला ब्रेव्हरमन. या बाईंचे वडील मूळ गोंयकार, केनियातून ब्रिटनला आलेले फर्नांडिस, त्यामुळे आपल्याकडे पण त्यांच्याबद्दल जरा जास्तच कुतूहल असतं. बाई एकदा आधी जाऊन आलेल्या, १९ ऑक्टोबर २०२२ ला सरकारी कागद खाजगी ईमेलवरून पाठवल्याच्या कारणावरून राजीनामा, आणि सहा दिवसांनी नवीन पंतप्रधान सुनक यांनी पुन्हा त्याच खुर्चीत बसवल्या. सहा दिवस! आमच्याकडे गॅसचा नंबर लागायला जास्त लागतात. तर त्या सोमवारी, लंडनच्या पोलिसांवर टीका करणारा लेख त्यांनी पेपरात लिहिल्यावर काही दिवसांनी, सकाळी सकाळी फोनवरून त्यांना काढलं. टीव्हीचे कॅमेरे डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या घरासमोर, लावलेलेच होते, आणि तेवढ्यात एका गाडीतून उतरून माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन चालत आत गेले. पत्रकारांची तोंडं बघण्यासारखी, कारण हे कोणाला माहीतच नव्हतं. ते परराष्ट्रमंत्री झाले. त्याच दिवशी पुढे पर्यावरणमंत्री थेरेस कॉफी पण बाहेर पडल्या. आता कॉफींवर ज्यांनी लावलं होतं ते बिचारे त्याच दिवशी बरोबर ठरले, पण काही तासांनी उशिरा. खांदेपालटाच्या दिवशी सकाळी लवकर फोन कोणाला जातो यावर सगळं.

कॅमेरॉनची गाडी इथे मुद्दाम सांगितली. राजकारण कव्हर करण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय अशा लोकांना जे दारात गाडी येईपर्यंत कळत नाही ते डोंबिवलीच्या मुलाला पाच पौंडांत कळणार होतं का? मंत्र्याला ठेवायचं की काढायचं हे बहुतेक वेळा एका माणसाच्या डोक्यात असतं, त्याच्या आसपासच्या चारपाच जणांना माहीत असतं, बाकी सगळे आपण काचेबाहेरून बघणारे. घोड्याचे पाय निदान सगळ्यांना दिसतात.

लुईस हेग यांचं घ्या. वाहतूकमंत्री. दहा वर्षांपूर्वीची एक केस, मोबाइल चोरीला गेल्याची पोलिसांना चुकीची माहिती दिल्याबद्दल २०१४ मध्ये गुन्हा कबूल केलेला, ती २८ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी बातम्यांत आली. दुसऱ्या दिवशी लोकांचा सकाळचा चहा होईपर्यंत राजीनामा. कोणी भाव बघून हुशारीने लावायचं म्हटलं तरी वेळ कुठे होता.

आणि जेव्हा वेळ असतो तेव्हा भाव नसतो. २०१७ चा नोव्हेंबर, १ तारखेला संरक्षणमंत्री मायकल फॅलन गेले, आणि लगेच आंतरराष्ट्रीय विकासमंत्री प्रीती पटेल यांचं इस्रायलमधल्या न कळवलेल्या भेटीगाठींचं प्रकरण निघालं. त्या होत्या आफ्रिकेच्या दौऱ्यावर. पंतप्रधान थेरेसा मे यांनी परत बोलावलं. नैरोबीहून निघालेलं ते विमान हजारो लोक इंटरनेटच्या नकाशावर लाइव्ह बघत बसले होते, पिवळं इवलंसं विमान वाळवंटावरून, मग समुद्रावरून सरकतंय, आणि आत बसलेल्या बाईंची नोकरी उतरल्यावर जाणार हे जगाला माहीत. ८ नोव्हेंबरला राजीनामा झाला. आता विमान हवेत असताना कोणी बुकीकडे गेला असता तर शंभर पौंडांवर चहाबिस्किटाचे पैसे सुटले असते फार तर. बातमी पक्की झाली की भाव मरतो, आणि भाव जिवंत असतो तोवर बातमी पक्की नसते.

मग फायदा कोणाला? ज्याला बातमी आधी कळते त्याला. आणि इथे विषय मजेचा राहत नाही.

२२ मे २०२४ ला सुनक यांनी भर पावसात, छत्रीविना, भिजत उभं राहून ४ जुलैची निवडणूक जाहीर केली. सगळ्यांना वाटत होतं निवडणूक थंडीच्या तोंडावर होईल. नंतर बाहेर आलं की घोषणेच्या तीन दिवस आधी त्यांचेच संसदीय सहाय्यक, खासदार क्रेग विल्यम्स, यांनी जुलैत निवडणूक होईल यावर १०० पौंड लावले होते, भाव ५/१. जिंकले तर ५०० पौंड नफा. पाचशे पौंड! खासदाराच्या पगारापुढे ही रक्कम म्हणजे काय, पण माणसाला फुकटचं लागतंच. त्यांनी माफी मागितली, पक्षाने पाठिंबा काढला, मग आणखी नावं निघत गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या गॅम्बलिंग कमिशनने विल्यम्स धरून १५ जणांवर आरोप ठेवले. खरंखोटं कोर्ट ठरवेल. कायदा आहे २००५ चा गॅम्बलिंग ॲक्ट, त्याचं ४२ वं कलम, सट्ट्यात फसवणूक केली तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. शेअर बाजारात इनसायडर ट्रेडिंग असतं त्याचाच हा चुलतभाऊ, फक्त इथे कंपनीच्या निकालाऐवजी सरकारचा निर्णय.

बुकी हे सगळं ओळखून असतात, मूर्ख नसतात. म्हणून अशा राजकीय सौद्यांत ते मोठी रक्कम घेतच नाहीत. हजार पौंड लावायला गेलात तर काउंटरवरची पोरगी वर फोन लावते आणि वरून निरोप येतो की वीसच घ्या. आणि जो सारखा जिंकायला लागतो त्याचं खातं गुपचूप आवळलं जातं, दोन पौंडांच्या वर लावताच येत नाही. मग इतकी कटकट असताना हे भाव काढतात कशाला? जाहिरातीला. मंत्री अडचणीत आला की पेपरवाले विचारतात काय भाव चाललाय, आणि बातमीत कंपनीचं नाव फुकट छापून येतं. त्या पाच-दहा पौंडांच्या स्लिपांतून कमाई होते त्यापेक्षा मला वाटतं ही कमाई मोठी.

खरा सट्टा बघायचा असेल तर तो बॉंड मार्केटमध्ये चालतो. २ जुलै २०२५ ला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज संसदेत पंतप्रधानांच्या मागे बसलेल्या असताना डोळे पुसताना दिसल्या, आणि पंतप्रधान स्टार्मर यांनी त्यांच्या खुर्चीची हमी तिथल्या तिथे दिली नाही. झालं. सरकारी रोख्यांचे व्याजदर झटक्यात वर, पौंड खाली. मोठमोठ्या फंडांनी एका बाईच्या डोळ्यांतल्या पाण्यावरून हिशोब मांडला की या गेल्या तर पुढचा अर्थमंत्री जास्त कर्ज काढेल. मग स्टार्मर यांना सांगावं लागलं की त्या बराच काळ अर्थमंत्री राहतील, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी बाजार सावरला. तिथे वीस पौंडांची मर्यादा नसते.

आपल्याकडे यातलं काही कायदेशीर नाही हे सांगून ठेवतो, कारण दोघांनी मला लिंक मागितली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून लागू आहे, घोड्यांच्या रेसला तेवढी सूट, आणि ऑनलाइन पैसे लावण्याच्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सरसकट बंदी आणली. निवडणुकीच्या वेळी राजस्थानच्या फलोदीच्या सट्टा बाजाराचे आकडे टीव्हीवाले दाखवतात ते ठीक, पण तो बाजार चोरटाच आहे, तिथे नियम बारीक अक्षरात काय मोठ्या अक्षरात पण कुठे लिहिलेले नसतात. पैसे नाही मिळाले तर तक्रार कोणाकडे करणार, आमदाराकडे?

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, क्रिकेटच्या उदाहरणासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे बरोबर सांगून पण चुकतं असला धंदा, त्याला सांग एसआयपी चालू कर. भाऊ अजून अधूनमधून लावतो, पाच पौंडांच्या वर जात नाही असं म्हणतो. परवा मला मोठ्या कौतुकाने सांगत होता की इथे जिंकलेल्या पैशावर टॅक्स नाही, लावणाऱ्यावरचा कर २००१ मध्येच काढून टाकलाय, जिंकाल तेवढे सगळे तुमचे. या सवलतीचा फायदा घ्यायची वेळ त्याच्यावर अजून तरी आलेली नाही.